अकरा ते सहा

“आजोबा, दोन नंबरचा आकडा हललाच नाही.”

मी ओट्यापाशी दूध गाळत होतो. नातीचा आवाज पोर्चमधून आला. त्यात तक्रार नव्हती, एखादी नोंद वाचून दाखवावी तसा होता तो. पण माझ्या हातातली गाळणी तिरकी झाली आणि साय पुन्हा दुधात पडली. एवढंच झालं. सकाळचे साडेसहा वाजले होते. कचऱ्याची गाडी शेजारच्या गल्लीत होती, आतल्या खोलीत मुलगी कामावर जायच्या तयारीत होती, आणि मी गाळणी हातात धरून उभा होतो. गेले तीन आठवडे मी जे झाकून ठेवलं होतं त्यावरचं झाकण एका आठ वर्षांच्या मुलीनं काढलं होतं, तेही मीच शिकवलेल्या पद्धतीनं.

आमच्या पोर्चच्या भिंतीवर विजेचा मीटर आहे आणि त्याच्याखाली हातभर अंतरावर गाडी चार्ज करायचा पांढरा डबा. मीटरचं बटण दाबलं की एक आकडा दिसतो, पुन्हा दाबलं की दुसरा. एक नंबर नेहमीच्या दराच्या विजेचा, दोन नंबर स्वस्त दराच्या. रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात वापरलेली वीज दोन नंबरात मोजली जायची आणि तिचा दर दिवसाच्या दराच्या तिसऱ्या हिश्शाइतका असायचा. हे मी नातीला सात महिन्यांपूर्वी शिकवलं. मीटरपर्यंत हात पोचावा म्हणून बादली पालथी घालून दिली, शंभर पानी वही दिली, पेन्सिल दोऱ्यानं वहीला बांधून दिली. संध्याकाळी आल्यावर दोन्ही आकडे लिहायचे, सकाळी उठल्यावर पुन्हा लिहायचे आणि वजाबाकी करायची. सकाळी एक नंबर दोन-तीननं पुढे गेलेला असायचा, आणि दोन नंबर चोवीस-पंचवीसनं. “म्हणजे रात्री गाडीनं चोवीस खाल्ले,” ती म्हणायची. रात्रीच वीज स्वस्त का, हेही तिनं विचारलं होतं. मी सांगितलं, रात्री माणसं झोपतात, पण वीज बनवणारी मोठी यंत्रं झोपवता येत नाहीत. त्यांच्या भट्ट्या एकदा विझवल्या तर पुन्हा तापायला फार वेळ लागतो. मग तयार होणारी वीज कुणीतरी घ्यावी म्हणून कंपनी ती स्वस्तात देते. ती म्हणाली, “म्हणजे कुणाला नको असलेली वीज आपण घेतो?” मी म्हटलं, हो. “आपली गाडी शहाणी आहे,” ती म्हणाली. मला वर्गात असे विद्यार्थी फार थोडे मिळाले. तिला मी तपासनीस बाई म्हणतो, आणि ते तिला आवडतं.

सात महिन्यांपूर्वी मुलीचा फोन आला होता. तिची बदली या शहरात झाली होती. रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात ती काम करते, दिवसभर लोकांना “श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा” असं सांगते. जावई दूर एका बंदरावर नोकरीला आहेत, महिन्यातून एकदा येतात. मुलगी चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहते, तिथे गाडी चार्ज करायची सोय नाही. “बाबा, तुमच्याकडे तो रात्रीचा दर आहे ना?” ती म्हणाली. हो, आहे, मी म्हटलं. पाणी तापवायच्या टाकीसाठी तो फार पूर्वी माझ्या बायकोच्या, म्हणजे हिच्या, आग्रहानं घेतला होता. “मग आठवड्यातून दोनदा गाडी तुमच्याकडे लावली तर चालेल? मंगळवारी आणि शुक्रवारी. सकाळी इथूनच पुढे जाऊ आम्ही.” मी म्हटलं, चालेल की. पाहुण्यांच्या खोलीच्या किल्लीचा विषय निघाला, केबल कुणी आणायची याचा निघाला, आणि फोन संपला. चार वर्षांपूर्वी ही गेली, तेव्हापासून आम्हा दोघांचं फोनवरचं बोलणं “बरं आहे ना?” आणि “बरं आहे” यापलीकडे गेलं नव्हतं. त्याआधी मुलीशी जे काही बोलणं व्हायचं ते हिच्यामार्फत. फोन हिच्या कानाला असायचा, मी वर्तमानपत्र वाचत बसायचो, आणि ही मध्येच म्हणायची, “ती विचारतेय, तुमचा गुडघा कसा आहे.” मी म्हणायचो, ठीक आहे म्हणून सांग. विजेच्या तारेला जसं वेष्टण लागतं तसं आमच्या बोलण्याला हिचं होतं. ते गेल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना लागू नयेत याचीच काळजी आम्ही घेत होतो. मग ही गाडी मध्ये आली. गाडीविषयी पुष्कळ बोलता येतं. बॅटरी किती टक्के आहे, किती किलोमीटर झाले, थंडीत कमी का जाते. जेवताना आम्ही गाडीविषयी बोलायचो आणि नात आमच्याकडे आळीपाळीनं बघायची.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री मी अकरापर्यंत जागा राहायचो. बरोबर अकराला पोर्चमधल्या डब्यात ‘टक्’ असा आवाज व्हायचा आणि मग एक बारीक गुणगुण सुरू व्हायची. ती इतकी बारीक की ऐकू येते की वाटते, ते ठरवता येऊ नये. त्या आवाजानंतर मला घर मोजता यायचं. फ्रिज, डब्याची गुणगुण, भिंतीपलीकडे नातीनं कूस बदलली की पलंगाची एक फळी, मुलीचा कोरडा खोकला. आठवड्यातल्या बाकीच्या पाच रात्री त्यातला फक्त फ्रिज उरायचा. निवृत्त माणसाचे सगळेच तास तसे स्वस्त दराचे असतात, कुणाची मागणी नसते त्यांना. पण हे सात तास दोनदा कुणीतरी वापरत होतं आणि मला तेवढं पुरत होतं.

गेल्या महिन्याच्या शेवटी कंपनीचं पत्र आलं. जुन्या ग्राहकांच्या स्वस्त दराची वेळ एक तारखेपासून बदलत आहे. रात्री अकरा ते सहा ऐवजी आता सकाळी दहा ते दुपारी चार. कारणही नीट दिलं होतं. सूर्यप्रकाशावरची वीज आता इतकी तयार होते की भर दुपारी ती जास्त होते. शिक्षक म्हणून मला हे कारण पटलं. वर्गात असतो तर फळ्यावर आलेख काढून शिकवलं असतं, दुपारी वर चढणारी सूर्याची रेघ आणि संध्याकाळी चढणारी माणसांची. मी पत्र तीनदा वाचलं. मग त्याची घडी घातली आणि चार्जरबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत ठेवली. ती पुस्तिका कुणी उघडत नाही. त्यानंतरच्या मंगळवारी मुलगी आली, गाडी लावली, आणि जेवताना म्हणाली, “आमच्याकडेही पार्किंगमध्ये डबे बसवतायत. महिनाअखेरीला सुरू होतील म्हणे.” मी म्हटलं, अरे वा. डब्यातलं घड्याळ मी बदललं नव्हतं. अकराला तोच ‘टक्’ झाला, तीच गुणगुण सुरू झाली आणि तीच फळी वाजली. फक्त आता ती वीज एक नंबरात मोजली जात होती, दिवसाच्या पूर्ण दरानं. फरक मी भरणार होतो, त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते नातीच्या वहीचं. म्हणून मी तिला दुसऱ्या कामाला लावलं. सावली मोजायचा प्रयोग काढला, मग भिंगाचा, मग मिठाचे खडे वाढवायचा. वही खिडकीवरच्या फळीवर ठेवली, तिचा हात पोचणार नाही अशी. ती एकदा म्हणाली, “मीटरचं राहिलंय आजोबा.” मी म्हटलं, राहू दे, ते आपल्याला आता येतंय. आलेली गोष्ट पुन्हा करायची नाही असं मी जन्मात कुठल्या मुलाला सांगितलं नव्हतं. तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं होतं, ते मला आता आठवलं.

दूध तसंच ठेवून मी पोर्चमध्ये गेलो. ती पालथ्या बादलीवर उभी होती. एका पायात मोजा होता, दुसरा मोजा हातात, आणि वही मीटरच्या पेटीवर टेकवलेली. “वही कुणी काढून दिली?” मी विचारलं. “खुर्ची घेतली,” ती म्हणाली. “काल संध्याकाळचे आकडे पण घेतलेत. तुम्ही भांडी घासत होतात तेव्हा. हे बघा, एक नंबर सव्वीसनं पुढे गेला आणि दोन नंबर तिथेच आहे. मी दोनदा बघितलं.” दोनदा बघायचं हेही माझंच. उपकरणाला दोष देण्याआधी आपला डोळा तपासा, असं मी तेहेतीस वर्षं दर वर्षाच्या पहिल्या तासाला सांगत आलो. आता ती बादलीवर उभी राहून माझ्या डोळ्यांच्या पातळीला आली होती, तिनं डोळा तपासला होता, आणि उत्तराची वाट बघत होती. मी म्हणालो, “मीटर बिघडला असेल.”

तिनं मीटरकडे पाहिलं, मग वहीकडे. तिला ते पटलं नव्हतं हे दिसत होतं, पण सांगणारा मी होतो. “मग हे चुकलं?” ती म्हणाली, आणि पेन्सिल उलटी करून मागच्या रबरानं सव्वीस खोडायला लागली. सहा पुसट झाला. बारीक करडा चुरा पानावर जमला आणि तिनं तो फुंकला. मी पुष्कळ मुलांना पुष्कळ चुकीची उत्तरं खोडताना बघितलं आहे, पण बरोबर उत्तर कुणी माझ्या सांगण्यावरून खोडताना बघितलं नव्हतं. की एकदा बघितलं होतं? आठवीचा वर्ग, खिडकीजवळचा दुसरा बाक. मुलगी त्या वर्षी माझ्याच वर्गात होती. शाळेत ती मला सर म्हणायची, आणि ते आम्ही दोघांनीही इतकं काटेकोर पाळलं की घरीही एकदा तिच्या तोंडून सर निघालं आणि ही हसून हसून बेजार झाली. मी प्रश्न विचारला की तिचा हात वर जायचा. आधी कोपरापर्यंत, मग पूर्ण, मग दुसऱ्या हातानं पहिल्याला आधार. मी तिच्या डोक्यावरून मागच्या बाकांकडे बघायचो आणि म्हणायचो, “दुसरं कुणी? हं, तू. बोल.” सरांची मुलगी म्हणून सर तिलाच विचारतात असं कुणी म्हणू नये, एवढंच त्यात होतं. त्याला मी न्याय समजत होतो. दिवाणखान्यात बसून हिला मी तसं समजावूनही सांगितलं होतं. मग कधीतरी तिचा हात वर यायचा थांबला. नक्की कधी ते मला सांगता येणार नाही, कारण माझ्या लक्षात आलं तेव्हा बरेच आठवडे झाले होते. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. वर्ग घेणं सोपं झालं. मी मनाशी म्हटलं, मोठी झाली, समजूतदार झाली.

“खोडू नकोस,” मी म्हणालो.

“तुम्हीच म्हणालात ना, मीटर—”

“मीटर बरोबर आहे. तुझं निरीक्षण बरोबर आहे. मी चुकीचं सांगितलं.” तिनं पेन्सिल थांबवली. मी पुढे म्हणालो, “स्वस्त वीज आता रात्री नसते. दुपारी असते. दहा ते चार. सूर्यामुळे.”

“कधीपासून?” हे नातीनं विचारलं नव्हतं. मुलगी दारात उभी होती. गडद निळा गणवेश, केस अर्धे बांधलेले, रबरबँड दातात. तो काढून तिनं पुन्हा विचारलं, “कधीपासून, बाबा?”

“एक तारखेपासून.”

ती मनात मोजत होती. आज बुधवार होता. “म्हणजे सात वेळा,” ती म्हणाली. “सात वेळा दिवसाच्या दरानं गाडी चार्ज केली तुम्ही माझी. आणि तुम्हाला माहीत होतं.”

“पत्र आलं होतं.”

“कुठाय पत्र?”

“चार्जरच्या पुस्तिकेत.”

“पुस्तिकेत!” ती म्हणाली. “बाबा, वहीत कुणी खाडाखोड केली तर तुम्ही अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचात. आमच्या वर्गातल्या जाड्याला तीनदा लिहायला लावलं होतं, रडला होता तो.” ती रागावली होती, पण आवाज चढवला नव्हता. तो तिनं कधीच चढवला नाही. त्यापेक्षा चढवला असता तर बरं असं वाटण्याइतका तो सपाट होता. नात बादलीवरून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती, जेवताना बघायची तशीच. फक्त आज मध्ये गाडीचा विषय नव्हता, गाडी नुसतीच शेजारी उभी होती, पूर्ण चार्ज झालेली, हिरवा दिवा लावून. “मला सांगायचं तरी होतं,” मुलगी म्हणाली.

“सांगितलं असतं तर तू आली नसतीस.”

तिनं केस बांधायला वर नेलेले हात तसेच राहिले. तिला खोटं बोलता येत नाही. तेवढं माझ्याकडून तिच्याकडे गेलं आहे, किंवा आज सकाळपर्यंत मी तसं समजत होतो. “नसते आले,” ती म्हणाली. “सुरुवातीला तरी नसते आले. आणि सोमवारपासून आमचे डबे सुरू होतायत. त्यांचाही दुपारचाच दर आहे, परवाच लागलीय पाटी. मी तुम्हाला या शुक्रवारी सांगणारच होते.”

“म्हणजे आपण यायचं नाही?” नातीनं विचारलं. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मंगळवारी पण नाही?” मुलगी म्हणाली, “मोजा घाल, उशीर होतोय,” आणि आत जाऊन पिशव्या घेऊन आली. मी केबल काढली, गुंडाळली आणि खुंटीवर अडकवली. हे काम सात महिने मीच करतो आहे. गुंडाळताना ती कोमट असते, नुकत्याच कुणी बसून उठलेल्या खुर्चीसारखी. नात बादलीवरून उतरली, वही मला द्यावी की नाही याचा विचार केला, आणि मग ती मीटरच्या पेटीमागे, तिच्या मूळ जागी खोचली. तिचं दप्तर मी मागच्या सीटवर ठेवलं. पट्टा लावताना ती माझ्या कानाशी म्हणाली, “सव्वीस पुन्हा लिहू का?” मी म्हटलं, मी लिहितो. “ठळक लिहा,” ती म्हणाली.

मुलीनं गाडी सुरू केली. या गाड्या सुरू झाल्या आहेत हे कळत नाही, नुसती काच खाली आली तेव्हा कळलं. “बाबा, एक विचारू?” ती समोर बघत म्हणाली. “आठवीत मी हात वर करायचे, तो तुम्हाला दिसायचा?”

“दिसायचा.”

“रोज?”

“रोज.”

“मग?”

“तुला उत्तर येतंय हे मला माहीत असायचं.”

तिनं स्टिअरिंगवरचा हात उगाच थोडा सरकवला. “मला नव्हतं ना माहीत,” ती म्हणाली. “मला वाटायचं माझं चुकणार आहे, आणि ते तुम्हाला माझ्याकडे बघूनच कळतं.” यावर मी काही म्हणेन म्हणून ती थांबली नाही. गाडी मागे जायला लागली. फाटकातून आधी गाडीची मागची बाजू बाहेर गेली, मग दारं, मग नातीचं काचेला टेकलेलं कपाळ. मला जे म्हणायचं होतं ते फार लहान होतं. चार शब्द, फार तर पाच. सात महिन्यांत मीटरच्या आकड्यांची वजाबाकी शिकवली, भट्ट्या आणि सूर्य समजावून सांगितले, पण वीज स्वस्त होती तोवर ते चार शब्द म्हणायची गरजच पडली नव्हती. आता वीज स्वस्त नव्हती. मी पोर्चच्या पायरीवर उभा होतो आणि गाडी रस्त्यावर पोचली होती. वळायच्या आधी मुलगी एकदा आरशात बघते. मी हात वर केला. आधी कोपरापर्यंत, मग पूर्ण. निरोपाला हात हलवतात, तो मी हलवला नाही, तसाच धरून ठेवला. खांदा दुखायला लागला तेव्हा दुसऱ्या हातानं आधार दिला.

गाडी थांबली. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मुलीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, बोट माझ्याकडे रोखलं, आणि तीस वर्षांपूर्वीचा माझाच आवाज काढून म्हणाली, “हं, तुम्ही. बोला.”

“शुक्रवारी या,” मी म्हणालो. आवाज रस्त्यापर्यंत पोचला की नाही ते कळेना, म्हणून पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. “गाडी चार्ज करायची नसली तरी या.”

मागच्या सीटवर नात काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती. दिवसभर ती लोकांकडे काचेआडून बघते तशी असेल, हलू न देता, नीट दिसेपर्यंत.

“सोडा आता श्वास,” ती म्हणाली आणि गाडी वळवली.

मी हात खाली घेतला. आत दूध थंड होऊन त्यावर पुन्हा साय आली होती, पण आधी मी पेटीमागची वही काढली. सहाचा पुसट झालेला आकडा पेन्सिलीनं ठळक केला. त्याच्याखाली पुढची ओळ तिनं आधीच आखून ठेवली होती, कधी आखली कोण जाणे, आणि डाव्या कडेला लिहिलं होतं, शुक्रवार.